काहूरनंतरचे काळीज

मुद्रिताचा गठ्ठा हाती आल्यावर सरांनी प्रस्तावना वाचली नाही, अर्पणपत्रिकाही उलटून पाहिली नाही. ते थेट ‘क’वर गेले. ‘काहूर’ सापडले. त्याच्या खाली बोट सरकले आणि तिथेच थांबले. पुढचा शब्द ‘किटाळ’ होता.

“काळीज गाळलंत?” सरांनी विचारले. आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

‘काळीज’ या एका शब्दावर सरांच्या तीन चिठ्ठ्या होत्या, हे आम्हां दोघांनाही पक्के आठवत होते. त्या आम्हीच टंकित केल्या होत्या. घाईघाईने पाने मागे उलटली तेव्हा काळीज मिळाले. ते ‘कालवण’ आणि ‘कावड’ यांच्या मधे बसले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ळ म्हणजे काय ल चं शेपूट आहे? त्याला स्वतःचं घर आहे रे. ह च्या पुढे.”

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो आणि दोघेही सरांचे विद्यार्थी. चंदगड तालुक्यातील खेड्यांतून हिंडून सरांनी जवळजवळ तीस वर्षे बोलीतले शब्द टिपले. चिठ्ठ्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत, प्रत्येक खोक्याला सुतळी. निवृत्तीनंतर ती खोकी आमच्या हवाली करताना ते एवढेच म्हणाले होते, “शोधणाऱ्याला सापडलं पाहिजे.” कोशाची याहून नेमकी व्याख्या आम्ही अद्याप वाचलेली नाही. आणि पहिल्याच मुद्रितात, ज्याने ते शब्द जमवले त्यालाच त्यातला एक शब्द सापडला नव्हता.

हे कसे घडले याचा शोध घेताना आम्ही ज्या गल्लीबोळांत शिरलो ते आमच्या विषयाचे नव्हते. पण तिथे जे पाहिले त्याने आमच्या विषयाकडे पाहण्याची आमची रीत थोडी बदलली, म्हणून हे टिपण.

प्रथम ‘ळ’चे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. ती मांडणी अनेक भाषांना सामाईक असल्याने तिथे ‘ल’नंतर लगेच ‘ळ’ येतो आणि मग ‘व’. मराठी मुलाने शाळेत घोकलेल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर ‘ळ’, त्यानंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. निव्वळ अंकांच्या क्रमाने शब्द लावले तर काळीज काहूरच्या आधी येणारच. यात कोणाची चूक नाही. अक्षरांचे अंक आणि अक्षरांचा कोशक्रम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

परंतु हे आमच्या माजी विद्यार्थ्याला ठाऊक होते. बी.ए.ला मराठी घेऊन पुढे संगणकाकडे वळलेला हा मुलगा; कोश लावण्याची आज्ञावली त्यानेच हौसेने लिहून दिली होती आणि तीत मराठी क्रम लावणारा एक स्वतंत्र घटक रचला होता. त्याच्या संगणकावर काळीज काहूरनंतरच येत होते. आमच्या विभागातल्या संगणकावर ते कालवणाशेजारी जात होते. आज्ञावली एकच, चिठ्ठ्या त्याच, क्रम दोन.

“मॅडम, सर, घटक तिथे आहे,” फोनवर तो म्हणाला, “पण मागणाऱ्याला तो मिळत नाहीये. दुसराच कोणी तरी मिळतोय.”

या वाक्याचा अर्थ कळण्यासाठी त्याने ही आज्ञावली कोणत्या पायावर उभी केली होती ते सांगायला हवे. जावा या भाषेत सुटे घटक जोडून मोठी आज्ञावली उभारण्याची एक चौकट आहे, तिचे नाव ओएसजीआय. १९९९ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ती आखायला घेतली. घरातील उपकरणे बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी पेटी हा त्यामागचा मूळ विचार. पेटी बंद न करता तिच्यातला एखादा घटक काढता यावा, बदलता यावा, नवा बसवता यावा. पुढे २००४ मध्ये एक्लिप्स या प्रसिद्ध साधनाने तिसऱ्या आवृत्तीपासून हाच पाया स्वीकारला आणि ती चौकट घरगुती पेटीतून बाहेर पडून सर्वदूर गेली. २०२० साली तिची जबाबदारी एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर झाले.

या चौकटीत प्रत्येक सुटा घटक म्हणजे एक बंडल. बंडले एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. मधे एक नोंदवही असते. ज्याला एखादे काम करता येते तो त्या नोंदवहीत ‘मी हे काम करतो’ अशी नोंद करतो. कामाचे स्वरूप आधीच ठरलेले असते. काय द्यायचे आणि काय परत मिळेल एवढाच करार, ज्याला जावात इंटरफेस म्हणतात. ज्याला काम करून हवे तो नोंदवहीकडे जाऊन कराराचे नाव सांगतो. करणारा कोण, तो कुठला, त्याने आत काय खटपट केली, हे त्याने विचारायचे नाही. आपल्याकडे गावगाड्यात नांगर दुरुस्त करायचा तर ‘सुताराकडे जा’ असे म्हणत. सुताराचे घराणे बदलले तरी वाक्य तेच राहत असे. तसलाच हा व्यवहार.

आमच्या संगणकावर शब्द क्रमाने लावण्याचे काम करणारे दोन घटक नोंदलेले होते. एक आमच्या विद्यार्थ्याचा, मराठी क्रमाचा. दुसरा निव्वळ अंकांच्या क्रमाने लावणारा. तो हिंदी विभागाच्या पारिभाषिक यादीसाठी याच आज्ञावलीत आधीपासून बसवला होता. पाने जुळवणाऱ्या घटकाने नोंदवहीला एवढेच विचारले होते की शब्द क्रमाने लावून देणारा कोणी आहे का. त्यावर नोंदवहीने एक जण दिला. तिने खोटे काहीच सांगितले नाही.

एकाहून अधिक उमेदवार असताना नोंदवही कोणाला पुढे करते याचा नियम ठरलेला आहे. प्रत्येक नोंदीला एक मानांक देता येतो. ज्याचा मानांक मोठा तो पुढे. मानांक दिलाच नाही तर तो शून्य धरतात. आणि मानांक सारखे असतील तर ज्याची नोंद आधी झाली तो निवडला जातो. आमच्या संगणकावर हिंदी यादीचे बंडल आधी जागे होत होते, विद्यार्थ्याच्या संगणकावर मराठीचे. दोघांचा मानांक शून्य. म्हणजे ‘काळीज’ कोणत्या पानावर जावे हे सकाळी कोण आधी उठला यावर ठरत होते.

व्याकरण शिकवणाऱ्याला इथे पाणिनी आठवल्यावाचून राहत नाही. दोन तुल्यबल सूत्रे एकाच ठिकाणी लागू होऊ लागली तर ‘पर’ जे असेल ते घ्यावे असे अष्टाध्यायीत सांगितले आहे, आणि परंपरेने त्याचा अर्थ ग्रंथात नंतर येणारे सूत्र असा लावला. (ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिजमधील प्रबंधाने २०२२ मध्ये या ‘पर’चा निराळा अर्थ मांडला आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली.) ओएसजीआयचे शास्त्र उलट बाजूचे, इथे ज्येष्ठाला मान. पण दोन्हीकडे गृहीत एकच आहे. संघर्ष होणारच, म्हणून तो मिटवण्याचा नियम आधीच सांगून ठेवा. आमची चूक अशी की असा नियम आहे हेच आम्हांला माहीत नव्हते, आणि नियम माहीत नसलेल्याला त्याचा निकाल दैवयोग वाटतो.

आता उपाय काय? आम्ही उतावळे झालो होतो. पहिला उपाय आम्हीच सुचवला. पाने जुळवणाऱ्याला सरळ त्या मराठी घटकाचे नावच सांगून टाकावे. विद्यार्थी नम्रपणे हसला. “मग नोंदवही कशाला ठेवली? उद्या मी तो घटक नव्याने लिहिला, नाव बदललं, की तुमचा कोश बंद.” नावाने बांधून घेणे म्हणजे ज्या सुटेपणासाठी हा सारा खटाटोप, तोच मोडणे.

दुसरा उपाय मानांकाचा. मराठी घटकाला शंभर मानांक द्या, म्हणजे तो नेहमीच पुढे. आम्ही तोच आग्रह धरला आणि त्याने नाइलाजाने तसे केले. काळीज काहूरनंतर आले. आम्ही सरांना फोन करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात हिंदी विभागातील आमच्या सहकारी मॅडम दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या यादीतला ‘क्षमा’ हा शब्द ‘क’मधून नाहीसा झाला होता. तो ‘ह’च्याही पुढे, अगदी शेवटच्या पानावर जाऊन बसला होता, आणि त्याच्या मागोमाग ‘ज्ञान’. हिंदी कोशात क्ष हा ‘क’च्या पोटात आणि ज्ञ हा ‘ज’च्या पोटात शोधतात. आम्ही आमच्या घराचा क्रम सर्वांना लागू करून टाकला होता. “क्षमा आम्ही केली,” त्या म्हणाल्या, “पण ती जागेवर आणून ठेवा.”

श्रेष्ठत्वाचा आकडा वाढवून प्रश्न सुटत नाही, तो शेजारच्या घरी जातो. हे त्या दिवशी आम्हांला इतके स्पष्ट दिसले की नंतर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

तिसरा उपाय खरा होता. नोंदवहीत नोंद करताना घटक आपल्याविषयी काही गुण लिहून ठेवू शकतो. प्रत्येक गुणाचे एक नाव आणि एक मूल्य. भाषा: मराठी. क्रम: कोशपरंपरा. मागणाऱ्याने मग केवळ कराराचे नाव न सांगता अटही सांगायची. ही अट कंसांत लिहितात आणि तिची रचना मजेची आहे. आपल्या वाक्यात ‘आणि’ दोन पदांच्या मधे येतो. इथे तो आरंभी येतो आणि अटी त्याच्यामागून रांगेने. ‘आणि: भाषा मराठी, क्रम कोशपरंपरा.’ ‘नव्हे’सुद्धा आधीच म्हणायचे. अशी चाळणी लावली की जे त्या गुणांचे नाहीत ते बाहेर राहतात, मग त्यांचा मानांक हजार का असेना. मानांकाचा विचार उरलेल्यांपुरताच. हिंदी यादीच्या घटकाने आपली अट सांगितली, आमच्या घटकाने आपली. दोघांनाही आपापला मिळाला. कोणी कोणाच्या वर चढला नाही.

जावाच्या स्वतःच्या संचातही २००६ पासून सर्व्हिसलोडर नावाची सोय आहे, ती सर्व उमेदवार ओळीने समोर उभे करते. पण त्यांतून कोणता घ्यायचा हे मागणाऱ्याने एकेकाला तपासून ठरवायचे. ओएसजीआयमध्ये वेगळेपण असे की निवडीची भाषाच नोंदवहीला समजते. उमेदवाराला जागे करण्यापूर्वी त्याचे गुण वाचता येतात.

तरी एक गाठ राहिली होतीच. विद्यार्थ्याने सुधारलेले बंडल पाठवले, आम्ही बसवले आणि पाने जुळवणारा रिकाम्या हातांनी परत आला. गुण बरोबर, अट बरोबर, नोंदवहीची सगळी यादी काढली तर मराठी घटक तिथे ठळकपणे दिसत होता. पण मागणाऱ्याला तो मिळेना. दोन संध्याकाळी यात गेल्या. कारण कळले तेव्हा आम्ही दोघे एकाच वेळी उद्गारलो, कारण ते आमच्याच वर्गातले उदाहरण होते. मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘कळ’ म्हणजे यंत्राची किल्ली. लिहायला एक, उच्चारायला एक, पण कोशात नोंदी दोन. जावातही एखाद्या प्रकाराची ओळख केवळ नावाने होत नाही, तो कोणी आणला यावरही ठरते. सोयीसाठी विद्यार्थ्याने कराराची एक प्रत आपल्या बंडलात घालून पाठवली होती, आणि दुसरी प्रत आमच्याकडे आधीच होती. नाव अक्षरशः तेच, पण आणणारे दोन, म्हणून करार दोन. नोंदवहीने शहाणपणाने ओळखले की हा तुमच्या उपयोगाचा नाही, आणि तो दाखवलाच नाही. करार एका सामाईक बंडलात ठेवून दोघांनी तिथून घेतला तेव्हा गाठ सुटली.

शेवटी त्याने एक गोष्ट न विचारता केली. मराठी क्रमाचा घटक मिळालाच नाही तर आधीची आज्ञावली अंकांच्या क्रमाने पाने जुळवून मोकळी होत असे. आता त्याने ती गरज अनिवार्य ठरवली. नेमका घटक हजर होईपर्यंत पाने जुळवणारा कामालाच लागत नाही. “चुकीचं छापण्यापेक्षा थांबलेलं बरं ना, मॅडम?” आम्हां दोघांच्या मिळून पंचेचाळीस वर्षांच्या अध्यापनात इतका चांगला प्रतिप्रश्न क्वचितच आला असेल.

त्यानंतर वर्गात उभे राहिल्यावर आम्हांला आमचीच नोंदवही दिसू लागली. अभ्यासक्रम म्हणजे दुसरे काय? ‘दलित आत्मकथन सांगा’ म्हटले की विद्यार्थी दया पवारांचे ‘बलुतं’ सांगतात. १९७८ची नोंद; आधीची आणि मोठ्या मानांकाची. उत्तर चुकीचे नाही. पण प्रश्नाला एक गुण जोडा, ‘स्त्रीने लिहिलेले’ म्हणा, की तेच विद्यार्थी थबकतात आणि मग १९८६ची दोन पुस्तके वर येतात, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. पुढे २००३चे ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. ही पुस्तके कोणी लपवली नव्हती. ती नोंदवहीत होती. आम्ही वर्षानुवर्षे मोघम विचारत होतो आणि मोघम विचारणाऱ्याला अग्रक्रमाचे तेवढे मिळते. अग्रक्रमाचे लेखक आम्हांला प्रियच आहेत. तक्रार आहे ती आमच्या प्रश्नांबद्दल. ज्याला नेमके हवे त्याने नेमके मागावे, आणि त्याआधी ज्याच्याकडे काही आहे त्याने ते गुणांसह नोंदवून ठेवावे.

या वाक्याचा उत्तरार्ध आमच्यावर कसा उलटणार आहे याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती.

नवे मुद्रित घेऊन आम्ही सरांकडे गेलो. बोट ‘काहूर’वरून खाली आले आणि ‘काळीज’वर टेकले. सर समाधानाने हुंकारले. चहा झाला. मग त्यांनी सहज विचारले, “पलीकडच्या डोंगरातल्या बायकांनी सांगितलेले शब्द वेगळे काढून दाखवता येतील का? जात्यावरचे, चुलीपाशीचे. ते एकत्र वाचायचेत एकदा.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सरांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. शब्द कोणी सांगितला, कोणत्या गावी, कोणते काम चालू असताना. टंकलेखनाचा वेग वाढावा म्हणून तो कोपरा वगळायचा असे आम्ही दोघांनी, एम.ए. झालेल्या, भाषेच्या दोन प्राध्यापकांनी, एका दुपारी ठरवले होते. शब्द आणि अर्थ आला म्हणजे झाले, असे आम्हांला वाटले होते. आता आमच्या कोशात शब्द सगळे होते, क्रमाने होते, आणि त्यांपैकी एकही त्या बाईच्या नावाने सापडणार नव्हता. जो गुण नोंदलाच नाही त्यावर चाळणी लावता येत नाही. तांत्रिक भाषेत सांगायचे तर नोंदवही अशा प्रश्नाला चूक दाखवत नाही. ती शांतपणे काहीच परत देत नाही.

सरांना आम्ही खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खोकी आहेत ना अजून?”

खोकी आहेत. सहा महिने झाले, दर शनिवारी दुपारी आम्ही सरांच्या घरी जातो. छपाई थांबवली आहे. ज्याची गरज अनिवार्य ते हाती येईपर्यंत पान जुळवायचे नाही, हा नियम आम्ही आता स्वतःला लावून घेतला आहे. एक जण चिठ्ठीचा कोपरा वाचतो, दुसरी टंकित करते. काही कोपऱ्यांवरची शाई उडाली आहे, काही ठिकाणी नुसते आद्याक्षर उरले आहे. तिथे आम्ही चिठ्ठी सरांपुढे धरतो. ते डोळे मिटतात आणि बहुतेक वेळा सांगतात: अमकीची सासू, नाचणी कांडताना, पावसाळा होता. ते सांगतात ते आम्ही लिहून घेतो.

ओएसजीआयच्या चौकटीत एक गोष्ट आरंभीच शिकवतात असे आमचा विद्यार्थी म्हणाला होता. नोंदवहीतून मिळालेला घटक कायमचा आपला नसतो. तो चालू आज्ञावलीतूनही केव्हाही जाऊ शकतो, त्यासाठी कोणी पेटी बंद करत नाही. म्हणून तो आहे हे गृहीत धरून बसू नये. त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि आहे तोवर काम करून घ्यावे.

सर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ‘प’चे खोके निम्मे झाले आहे.